पेटता फटाका नेमका कोणाचा?

श्रोतेहो, नमस्कार. द्रुतगती मार्गावर एकामागोमाग एक गाड्या आदळल्या, अशी बातमी आली की घरोघरी एकच वाद होतो. चूक पुढच्याची, मागच्याची की मधल्याची? या वादावर वकील मंडळी अजूनही एक जुना खटला सांगतात. तो मला फार आवडतो, तेव्हा आधी तोच.

साल १७७०, ऑक्टोबरची २८ तारीख. इंग्लंडात सॉमरसेटमधलं मिलबोर्न पोर्ट हे गाव. जत्रेची संध्याकाळ. कमानींवर उभं असलेलं, बाजूंनी उघडं बाजारघर आणि आत माणसांची ही झुंबड! शेफर्ड नावाचा एक पोरगा, अजून सज्ञानही न झालेला, रस्त्यावरून पेटता फटाका आत भिरकावतो. तो पडतो येट्सच्या ठेल्यावर. येट्स आल्याचे केक विकणारा. तिथे उभा असलेला विलिस तो उचलतो आणि जीव नि माल वाचवायला पलीकडे फेकतो. आता तो रायलच्या ठेल्यावर. रायलही आल्याचे केकच विकतो, बरं का. त्यालाही आपला माल वाचवायचाय. तोही उचलतो, फेकतो, आणि फटाका स्कॉटच्या तोंडावर जाऊन फुटतो. स्कॉटचा एक डोळा गेला.

(आमच्याकडे दिवाळीत चालत्या माणसाच्या पायाशी लवंगी सोडून खिदळणारे असतात. त्यांच्या आईवडिलांना मी हा खटला रोज सकाळी वाचायला लावला असता. असो.)

स्कॉटने दावा लावला शेफर्डवर. म्हणजे ज्याने फटाका मुळात फेकला, त्याच्यावर. जूरीने शंभर पौंड भरपाई ठरवली आणि १७७३ मध्ये न्यायाधीशांनी ती तीन विरुद्ध एक अशी कायम केली. विरोधात होते खुद्द ब्लॅकस्टोन, इंग्रजी कायद्यावरचा नामांकित ग्रंथ लिहिणारे न्यायाधीश! त्यांचं म्हणणं, फटाका येट्सच्या ठेल्यावर पडला तिथे शेफर्डचं काम संपलं. पुढची इजा थेट त्याची नव्हे, तेव्हा थेट केलेल्या इजेसाठी असलेला हा दाव्याचा प्रकारच चुकला. मुख्य न्यायाधीश डी ग्रे म्हणाले, विलिस आणि रायल मोकळे कुठे होते? जीव वाचवायला हात आपोआप हलले.

निष्काळजीपणाचा स्वतंत्र कायदा तेव्हा उभाही राहिला नव्हता. पण मुद्दा आजही तोच, पुन्हा सांगतो: मधल्या माणसाने घाबरून केलं की विचार करून? घाबरून केलं तर दोष मुळाशी जातो. विचार करून नवीनच काही केलं, तर दोषाची साखळी तिथे तुटू शकते.

आता आपला रस्ता. तुम्ही अंतर राखून नीट थांबलात, मागच्या ट्रकने ठोकर दिली आणि तुमची गाडी पुढच्या गाडीवर ढकलली गेली. तुम्ही विलिस! पण पुढच्याच्या बंपरला चिकटून चालला असाल, तर तुमचाही वाटा निघतो. आणि दिवे न लावता भर रस्त्यात ट्रक उभा करणारा? तोही सुटत नाही. (अंधारात अप्पर मारत येणाऱ्यांचं काय करावं, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

जखमीची स्वतःची काहीच चूक नसेल आणि दोन गाड्यांची असेल, तर पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलंय. पुन्हा ऐका: दोघांपैकी कोणाकडूनही, पूर्ण. त्यांनी आपसातला हिशेब नंतर करावा. जखमीचीच चूक असेल तर मात्र तेवढी कापली जाते. दहा लाखांचं नुकसान, तीस टक्के चूक त्याची, तर हातात सात लाख.

म्हणून पंचनाम्यात साखळीतल्या प्रत्येक गाडीचा नंबर आलाय का ते बघा. पळून गेलेल्या गाडीचासुद्धा, कुणी टिपला असेल तर. आणि कोण आधी थांबलं, कोण मागून आलं, हे पाहणाऱ्याचा फोन नंबर तिथल्या तिथे घेऊन ठेवा.