बर्नाडेट नावाची आई

मंडळी, आज बोलणार आहे ते 'व्हेअर्ड यू गो, बर्नाडेट' या कादंबरीबद्दल. लेखिका मारिया सेंपल, साल २०१२. त्याआधी या बाई अमेरिकन टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहायच्या, आणि तो सराव पानोपानी जाणवतो.

बर्नाडेट फॉक्स सिअ‍ॅटलला राहते. नवरा एल्जिन मायक्रोसॉफ्टमध्ये मोठ्या हुद्द्यावर. आपली कितीतरी पोरं तिथे नोकरीला आहेत, त्यामुळे त्या ऑफिसातलं वातावरण इथल्या काही जणांना चांगलंच ओळखीचं वाटेल. घर म्हणजे एके काळची वाया गेलेल्या मुलींची शाळा; छत गळतंय, काटेरी वेली आत घुसू पाहताहेत. बर्नाडेटला माणसं सोसवत नाहीत. मुलीच्या शाळेतल्या इतर आयांना ती चिलटं म्हणते. स्वतःच्याच गावातल्या हॉटेलात टेबल राखून ठेवायचं, तर तेही काम ईमेलने भारतातल्या मंजुलाकडे, तासाला ७५ सेंट देऊन!

आणि मुलीचं नाव काय, तर बाळकृष्ण. जन्मली तेव्हा हृदयात दोष होता, अंग निळं पडलं होतं, म्हणून बाळकृष्ण. हाक मारायला 'बी'. अशा घटकेला ज्या आईला हे नाव सुचतं, तिच्यावर माझा तिथेच जीव जडला.

एक दिवस ही आई नाहीशी होते. मग बी ईमेल, पत्रं, शाळेच्या नोटिसा असं हाती लागेल ते गोळा करून जुळवत बसते, आणि ती जुळणी म्हणजेच कादंबरी. खरी गंमत इथे आहे. शेजारीण ऑड्री ग्रिफिन सांगत सुटते की बर्नाडेटने माझ्या पायावर गाडी घातली. आपल्यालाही ते पटू लागतं. तेवढ्यात हॉस्पिटलचं बिल समोर येतं: इजा काहीही नाही, एक्स-रे, गोळ्या आणि कुबड्या पेशंटने हट्टाने मागून घेतल्या. लेखिका स्वतः चकार शब्द बोलत नाही. आपण हसतो, आणि हसता हसता आईच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो.

पुढे बर्नाडेट एका जुन्या सहकाऱ्याला लांबलचक पत्र लिहिते, तेव्हा सगळा उलगडा होतो. ती एके काळची नावाजलेली वास्तुविशारद. वीस मैलांच्या आत मिळेल तेवढंच सामान वापरून तिने एक घर बांधलं होतं. ते एका शेजाऱ्याने विकत घेऊन पाडून टाकलं. त्यानंतर आपोआप झालेले गर्भपात, एकामागून एक. या सगळ्याला सहकाऱ्याचं उत्तर जेमतेम काही ओळींचं: तू काम कर, नाहीतर तुझा समाजाला उपद्रव होईल. त्या ओळी वाचून मी मागची पानं पुन्हा चाळली. जिला विक्षिप्तपणा म्हणत होतो, ती अडवून ठेवलेली कामाची ताकद होती. पण हे कळल्यावरही विनोद मरत नाही, आणि सेंपलचं कसब मला यातच दिसतं.

२०१९ साली यावर सिनेमा आला, त्यात केट ब्लँचेट आहे. तो बघा, पण आधी पुस्तक वाचा. त्या बिलाची मजा छापील पानावरच आहे. आणि वाचताना ऑड्रीवर लक्ष ठेवा. सुरुवातीला तिचा संताप येईल. पुढे ती काय करते ते मी सांगणार नाही. त्या जागी मात्र मी पुस्तक बाजूला ठेवून मनमुराद हसलो.