वारा पाठीशी, ऊन पाठीशी

बडोद्यातून डभोईच्या रस्त्याला लागायचं आणि डभोई मागे टाकून पुढे जायचं, एकूण साधारण ५० किलोमीटर, आणि मग येतं वढवाणा तलाव. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० च्या सुमाराला, शेतीच्या पाण्यासाठी हा बांधला. पाणी आजही शेतात जातं, पण हिवाळ्यात इथे उतरतात ते पाहुणे पक्षी बघायला लोक अंधारात गाड्या काढतात. २०२१ मध्ये याला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आपलं वढवाणा आलं.

इथे पहाटे कॅमेरा घेऊन आलेल्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, लेन्स कुठली घेऊ? सांगतो, पण आधी वारा बघा. खरंच, कॅमेरा बॅगेतच राहू दे आणि पाण्याकडे बघा. ते काळे पक्षी दिसतायत ना, कपाळावर पांढरा टिळा असलेले, ते वारकरी. शेकड्यांनी तरंगतायत, आणि बहुतेकांची तोंडं एकाच दिशेला आहेत, कारण वाऱ्याकडे पाठ केली तर पिसं विस्कटतात. उडतानाही पक्षी वाऱ्याच्या समोर उडतो, उतरतानाही वाऱ्याच्या समोरच उतरतो. वारकरी तर उडायच्या आधी पाण्यावरून धप धप धावत जातो, आणि धावतो तो वाऱ्याकडे तोंड करून.

म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर उतरणारा पक्षी तुमच्याकडे तोंड करून येणार. आणि सकाळचं ऊनही पाठीमागून असेल तर त्याच्या डोळ्यात उजेड असणार. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बऱ्याचदा उत्तरेकडून, ईशान्येकडून असतो, त्यामुळे सकाळी तलावाच्या पूर्वेच्या बाजूला उभं राहिलं की दोन्ही गोष्टी जुळून येतात. हे एकदा समजलं की ३०० मिलिमीटरची लेन्ससुद्धा पुरते, आणि नाही समजलं तर त्याहून लांबचं दाखवणारी ६०० ची लेन्स लावूनही पक्ष्याची शेपटीच मिळते.

आता एक फ्रेम डोळ्यासमोर आणा. पट्टकादंब, हंसासारखा पक्षी. डोक्यावर दोन काळे पट्टे. मध्य आशियात, तिबेट-मंगोलियाकडे याची पिल्लं होतात आणि हिमालय ओलांडून हा आपल्या डभोई तालुक्यातल्या शेतात चरायला येतो, मला तर दरवर्षी याचं तितकंच आश्चर्य वाटतं. शेतातून थवा तलावाकडे परत येतो तेव्हा आधी आवाज येतो, मग पाय खाली सुटतात, पंख पसरून ब्रेक लागतो, तोच क्षण आपल्याला हवा. शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, १/२००० सेकंद, निदान १/१६०० तरी. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलत्या पक्ष्याच्या मागे सतत जाणारा, एकदा लॉक होऊन बसणारा नको. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ८०० लागो की १६००, घाबरायचं नाही, फोटोतले दाणे सॉफ्टवेअरने बरेचसे कमी होतात पण हललेला पक्षी कशानेही परत नीट होत नाही.

एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा याचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे अडकतात. पक्षी आधी उजळ आकाशासमोर असतो, दोन सेकंदात मागे काळी झाडं येतात, मग पाणी. कॅमेऱ्याचं मीटर दरवेळी मागच्या गोष्टीला फसतं आणि एक फोटो काळा, दुसरा पांढराफटक. पण पक्ष्यावर पडणारं ऊन बदललंय का? नाही ना! म्हणून मॅन्युअल मोड, म्हणजे सेटिंग कॅमेऱ्यावर न सोडता आपण ठरवायचं, आणि आयएसओही ऑटोवर न ठेवता आपणच ठरवायचा. उन्हात उभा असलेला एखादा बगळा शोधा, त्याचा फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा उजेड-अंधाराचा आलेख बघा, बगळ्याच्या पांढऱ्या पिसांमधल्या रेषा दिसत असतील तर तेच सेटिंग बाकी सगळ्यांना लावा. सूर्य वर येतोय तसं थोड्या थोड्या वेळाने परत बगळा बघायचा.

लेन्सचं आता. १५०-६०० झूम बहुतेक लोक घेतात, वजन साधारण २ किलो, हात भरून येतो, म्हणून कमरेएवढ्या भिंतीवर किंवा गाडीच्या खिडकीवर टेकवायला बीनबॅग ठेवा, कापडाच्या पिशवीत तांदूळ भरले की झाली तयार. ६०० वर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला जेमतेम ४ अंशाचा तुकडा दिसतो, त्यात उडता पक्षी सापडतच नाही, म्हणून आधी झूम मागे घेऊन पक्षी पकडा आणि मग पुढे जा. पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंडू नका, बुरशी धरते, हवाबंद डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल एवढं पुरतं.

आणि ऊन चढलं की थांबा. पाण्यावरची, शेतावरची हवा तापून थरथरायला लागते आणि लांबचा प्रत्येक फोटो मऊ येतो, मग लोक लेन्सला दोष देतात. यावर एकच उपाय, पक्षी जवळ असेल तरच काढा. पण जवळ यावा म्हणून थव्यात दगड मारायचा, बोटवाल्याला थवा उडवायला सांगायचं, हे पाहिलं की जीव तुटतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला फोटोसाठी परत उडवायचं?

रोज वढवाणाला जाणं कुणाला जमणार! सरावासाठी बडोद्यातली आपली कमाटीबाग आहे, १८७९ ची, आणि शेजारून विश्वामित्री नदी वाहते. थंडीत मगरी काठावर उन्हाला पडलेल्या असतात, पुलावरून आरामात दिसतात. हलत नाहीत त्यामुळे १/२५० सुद्धा चालतं, आणि फिकट चिखलावर काळपट मगर म्हटल्यावर एक्स्पोजर शिकायला यापेक्षा चांगलं काय मिळणार. फोकस डोळ्यावर. फेब्रुवारी ते एप्रिल मगरींचा अंडी घालायचा काळ, मादी घरट्याच्या जवळपासच असते, त्या दिवसांत काठावर उतरायचं नाही, पुलावरूनच काढायचं, आणि घरटं कुठे आहे ते फोटोबरोबर कुणाला सांगायचं नाही.