दहा ते सव्वासहा

नमस्कार मंडळी.

माझी सगळी नोकरी बोटीवर गेली, तीही खाली इंजिनरूममध्ये. बोटीवर एखादा माणूस सापडेनासा झाला की आम्ही तीन गोष्टी विचारायचो. शेवटचा कुणी पाहिला? किती वाजता? आणि ही वेळ तू घड्याळात बघून सांगतोयस की अंदाजाने? तिसऱ्या प्रश्नाला भलेभले गडबडतात. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही त्याचं कारण हेच. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही. पहिल्यांदा काय लिहिलं होतं, ते दिसायला हवं.

हल्लीच्या क्रूझवर केबिनच्या कुलपातसुद्धा वेळेची नोंद होते. तशी ती 1998 सालीही होत होती. त्या वर्षी कुराकाव बेटाकडे निघालेल्या एका क्रूझवरून एक तरुणी नाहीशी झाली. पहाटे साडेपाचच्या सुमाराला वडिलांनी तिला बाल्कनीत पाहिलं, सहाला ती तिथे नव्हती. मधल्या अर्ध्या तासावर लोक अजून वाद घालतायत. मी आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत मधली फट सव्वाआठ तासांची आहे.

रुडॉल्फ डिझेल. होय, तेच. डिझेल इंजिन शोधून काढणारे जर्मन इंजिनिअर, ज्यांचं नाव आपण पंपावर घेतो, ते. आमच्या गावात विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. त्याचं हँडल मारताना मला ठाऊकही नव्हतं की डिझेल हे कुणाचं तरी आडनाव आहे. मला वाटायचं, रॉकेलसारखंच काहीतरी असेल.

29 सप्टेंबर 1913. डिझेल तेव्हा 55 वर्षांचे. बेल्जियममधल्या अँटवर्पहून ते ‘ड्रेस्डेन’ नावाच्या बोटीत चढले. ही काही सहलीची बोट नव्हे. ग्रेट ईस्टर्न रेल्वेची रात्रीची उतारू बोट, संध्याकाळी निघून सकाळी इंग्लंडमध्ये हार्विचला लागणारी. सोबत दोघे होते: घेंट शहरातले कारखानदार जॉर्ज कॅरेल्स आणि त्यांचे इंजिनिअर लुकमन. तिघं जेवले, डेकवर फेऱ्या मारल्या आणि दहाच्या सुमाराला आपापल्या केबिनकडे गेले. ‘सकाळी सव्वासहाला उठवा,’ असं डिझेल सांगून गेले. सकाळी केबिन रिकामी. अंथरुणाला अंग लागलेलं नाही, त्यावर रात्रीचा सदरा नीट पसरलेला, आणि पलंगावरून दिसेल असं ठेवलेलं खिशातलं घड्याळ. त्यांची हॅट आणि ओव्हरकोट मागच्या डेकवर, कठड्याखाली सापडले. कोट व्यवस्थित घडी केलेला.

या हकिगतीत नुसते दोनच खांब आहेत, दहा आणि सव्वासहा. त्यातला दहाचा खांब दोन माणसांच्या सांगण्यावर उभा आहे. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण जेवून गप्पा मारत फिरणारी माणसं घड्याळ बघून निरोप घेत नाहीत. दहा म्हणजे पावणेदहा असेल, साडेदहाही असेल.

केबिनमधल्या वस्तूंचं बघा. अंथरुणावर रात्रीचे कपडे काढून ठेवणं हे वरच्या वर्गाच्या केबिनमध्ये बऱ्याचदा स्टुअर्डचं काम असतं. तेव्हा त्या सदऱ्यावरून डिझेल झोपायच्या तयारीत होते असं ठरवता येत नाही. घड्याळाची गोष्ट वेगळी. माणूस खिशातलं घड्याळ स्वतः काढून ठेवतो. म्हणजे ते केबिनमध्ये आले, घड्याळ काढलं, आणि कोट-हॅट घेऊन पुन्हा वर गेले. आणि ज्या कठड्यावरून कुणी धक्का दिला असं म्हणायचं, त्याच्याखाली कोटाची घडी घालायला वेळ कुणाला होता?

दहा दिवसांनी ‘कर्टसेन’ नावाच्या डच बोटीला एक प्रेत तरंगताना दिसलं. ओळखण्यापलीकडे गेलेलं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या – गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचं घर – आणि प्रेत परत समुद्रात सोडलं. 13 ऑक्टोबरला नेदरलँड्समधल्या व्लिसिंगन बंदरात मुलाने, ऑयगेनने, त्या वस्तू ओळखल्या. डॉक्टरचा हात प्रेताला लागलाच नाही, त्यामुळे मृत्यू कशाने आला हे सांगू शकणारा शेवटचा साक्षीदारही गेला.

अनेक ठिकाणी छापलेलं असतं की प्रेत नॉर्वेजवळ मिळालं. नकाशा उघडा. हार्विच-अँटवर्पच्या वाटेपासून नॉर्वे शेकडो मैल उत्तरेला. आणि वस्तू ओळखायला मुलगा कुठे गेला? व्लिसिंगनला, म्हणजे शेल्ट नदीच्या तोंडाशी. अँटवर्प समुद्रावर नाही, त्याच नदीवर साधारण 80 किलोमीटर आत आहे. ‘ड्रेस्डेन’ तिथूनच बाहेर पडली. प्रेत मिळालं ते पूर्व शेल्टच्या खाडीत, व्लिसिंगनपासून फार दूर नाही. भरती-ओहोटी दहा दिवसांत प्रेत कुठेही नेऊ शकते, म्हणून पैज लावणार नाही. पण मला विचाराल तर डिझेल पाण्यात पडले ते रात्रीच्या पहिल्या भागात, डच किनारा जवळ असताना. पहाटे, इंग्लंडच्या बाजूला नव्हे.

बाकी सगळ्यांनी आपापली गाठोडी त्या सव्वाआठ तासांत कोंबली. एक म्हणतो, जर्मन हेरांनी ढकललं, कारण हे इंग्रजांना पाणबुडीच्या इंजिनाचं गुपित द्यायला निघाले होते. दुसरा म्हणतो, तेलवाल्या शेठांनी काटा काढला. तिसरा तर म्हणतो, ते मेलेच नाहीत, इंग्रजांनी त्यांना लपवून ठेवलं.

माझं भांडण वेगळंच आहे. रात्री दहापासून सुरुवात करायची हे ठरवलं कुणी? प्रवासाला निघण्यापूर्वी डिझेलनी बायकोच्या, मार्थाच्या, हातात एक बॅग दिली होती आणि पुढच्या आठवड्यापर्यंत उघडू नको म्हणून बजावलं होतं. तिने उघडली तेव्हा आत रोख मार्क निघाले, आणि बँकेतली खाती जवळजवळ रिकामी असल्याचे कागद. जगभर त्यांची इंजिनं धडधडत होती आणि मालक कर्जात बुडालेला. शिवाय त्यांच्या डायरीत 29 सप्टेंबरच्या पानावर एक छोटा क्रूस काढलेला होता. हे एकत्र ठेवलं की घड्याळ त्या बॅगेपासून सुरू होतं, आणि ‘सव्वासहाला उठवा’ हे सोबत्यांना निर्धास्त झोपवण्यासाठी म्हटलेलं वाटायला लागतं.

तरी एक गोष्ट मला छळते. खिशातल्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागायची, बरेच जण ती झोपायच्या वेळी द्यायचे. ज्याला उद्याची सकाळ बघायची आहे, तो देतो. त्या स्टुअर्डच्या जागी मी असतो, तर कुणालाही हाक मारायच्या आधी ते घड्याळ उचलून कानाला लावलं असतं, आणि आणखी किती चावी बसते ते मोजलं असतं.