पेन्सिल अडते तिथे

(दृश्य: टायमर, कोरा कागद, दोन उमेदवारांचे हात)

या १ मिनिटाकडे नीट पाहा. परदेशी शिक्षणासाठी किंवा व्हिसासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा म्हणजे आयईएलटीएस. तिच्या बोलण्याच्या चाचणीचा हा दुसरा भाग. समोर विषयाचं कार्ड, टिपणाला कागद-पेन्सिल. मिनिट संपलं की २ मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. खऱ्या परीक्षेच्या खोलीत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून ही सराव चाचणी.

डावीकडचा हात अख्खी वाक्यं लिहितोय. तिसऱ्या ओळीत खाडाखोड, तेवढ्यात वेळ संपते. लिहिलेलं वाचून व्हायला २० सेकंदं पुरतात. पुढे काय? उजवीकडे फक्त चार शब्द आहेत. ते बोलायचे मुद्दे आहेत. वाक्यं तोंडातच जुळतील.

डावीकडच्या मुलीचं इंग्रजी कच्चं आहे, असं यावरून ठरवू नका. परक्या भाषेत शब्द शोधणं, क्रियापदाचा काळ सांभाळणं, पुढचा मुद्दा धरून ठेवणं, हे सगळं वर्किंग मेमरीच्या, म्हणजे हातातलं काम होईपर्यंत गोष्टी धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या, इवल्याशा जागेत चालतं. ‘चुकलं तर?’ हा विचारही तीच जागा अडवतो. मग ती वाक्याच्या अधेमध्ये अडखळते. थांबतो प्रत्येकच माणूस, पण सफाईने बोलणारा बहुधा वाक्य किंवा उपवाक्य संपवून थांबतो.

(दृश्य: प्रश्नावलीचे कागद)

परक्या भाषेची ही भीती मोजताही येते. भाषा-संशोधक हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीत ३३ विधानं आहेत.

(दृश्य: गुणपत्रक)

परीक्षक चार गोष्टींना सारखंच वजन देतो: ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. बोलक्या माणसाला पहिल्या रकान्यात फायदा होऊ शकतो, मात्र विषय सोडून भरकटला तर तिथेच गुण जातात. अबोल माणसाचं दुखणं वेगळं. तो ‘हो, आवडतं’ म्हणून थांबला, तर परीक्षकाने तपासायचं काय? उत्तराला एक कारण आणि एक उदाहरण जोडायची सवय लावली, तर स्वभाव न बदलताही भागतं.

(दृश्य: हेडफोन, उत्तरपत्रिका)

आता ऐकण्याची चाचणी. चार भाग, ४० प्रश्न, ध्वनिफीत एकदाच.

१४व्या प्रश्नावर पेन्सिल थांबली आहे. एक शब्द निसटला आणि उमेदवार त्याच्याच मागे लागला. फीत कुणासाठी थांबत नाही. १५ गेला, १६ही गेला. काटेकोर माणसाची हीच गत होते, कारण अर्धवट कळलेलं त्याला सोडवत नाही. उत्तरं बहुतेक प्रश्नांच्या क्रमानेच येतात, म्हणून रकाना रिकामा ठेवायचा आणि नजर पुढच्या प्रश्नावर न्यायची. अंदाजाने काहीतरी नंतर लिहावं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. स्पेलिंग चुकलं तर मात्र गुण नाही. आकडे आणि नावं कानावर पडताक्षणी टिपावीत. वाक्य संपेपर्यंत ती डोक्यात टिकतीलच असं नाही.

कमी ऐकू येणाऱ्यांना, डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) असणाऱ्यांना आधी अर्ज केल्यास वेगळी सोय मिळू शकते. बुजरेपणासाठी तो अर्ज चालत नाही. या परीक्षेचे गुण ‘बँड’मध्ये मिळतात. अर्ध्या बँडने प्रवेश हुकू शकतो, कधी व्हिसाही.

(दृश्य: तीच मुलगी, नवं कार्ड)

दुसरी फेरी. या वेळी कागदावर पाच शब्द आहेत. टायमर १ मिनिट ४० सेकंदांवर आलाय आणि ती अजून बोलते आहे. तिचा आवाज ऐका.