सिस्टर, घरी गेल्यावर कसं करायचं?

(दृश्य: सकाळची एसटी, खिडकीशी गळ्याला रुमाल बांधलेला माणूस, मांडीवर फाईल)

मराठवाड्यात कॅन्सर झाला की रस्ते ठरलेले असतात. जालना, परभणी, हिंगोली, बीडकडचे पेशंट संभाजीनगरला, आमखास मैदानाजवळच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात येतात, २०१२ पासून सुरू आहे ते. धाराशिव आणि लातूरकडचे बरेच लोक बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात जातात, जिल्हा सोलापूर लागतो पण जवळ पडतं. आणि ज्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की टाटालाच दाखवा, ते रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठतात.

हॉस्पिटलवरच्या व्हिडिओत लोकांना मशीन दाखवायला फार आवडतं, आम्ही पण शूट केलं, खोटं कशाला बोलायचं. पण हिशोब बघा ना, तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे, आणि रोज पेशंट त्या मशीनखाली असतो फक्त काही मिनिटं. बाकीचा सगळा दिवस आणि रात्र तो धर्मशाळेत, भाड्याच्या खोलीत नाहीतर पाहुण्याच्या घरी काढतो. त्या वेळात त्याला खायला कोण घालतं, जखम कोण धुतं, रात्री दोनला कळ आली तर काय करायचं हे कोणाला माहीत असतं? घरच्या बाईला. आणि तिला शिकवते वॉर्डातली सिस्टर.

(दृश्य: वॉर्ड, सिस्टर एका सुनेला सिरिंज हातात देतात)

सासऱ्याच्या नाकातून पोटात नळी घातलेली आहे, कारण गाल आणि जबडा मिळून एवढं मोठं ऑपरेशन झालंय की तोंडानं घास जात नाही. सिस्टर स्वतः करून दाखवत नाहीत, सुनेकडूनच करून घेतात. आधी नळीवरची खूण नाकापाशीच आहे ना ते बघ, सरकली असली तर काहीच घालू नको, फोन कर. मामांना उशी लावून बसतं कर, आडवं असताना कधीच नाही. मग पेज, दूध, वरणाचं पाणी, सगळं बारीक करून फडक्यातून गाळलेलं, एक कण राहिला तरी नळी तुंबते. सिरिंज दाबायची नाही, उंच धरायची, आपोआप उतरू द्यायचं. मधेच खोकला आला, दम लागला तर तिथंच थांबायचं. शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची आणि निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं.

सून विचारते, "लाईट नसली की मिक्सर कसं लावावं?" हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नसतो बघा. सिस्टर म्हणतात, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज कर, ती गाळली की झालं, मिक्सरची गरजच नाही.

आता दुखण्याचं. आपल्याकडचा माणूस दुखणं सांगतच नाही. डॉक्टर राऊंडला आले की "बरंय साहेब", आणि डॉक्टर गेले की बायकोजवळ "रातभर ठणकायलंय". शून्य ते दहामध्ये किती दुखतं, असं विचारायची पद्धत आहे, पण आकड्यात सांगा म्हटलं की म्हातारी माणसं गोंधळतात. आम्ही बघितलेल्या सिस्टरनं एका शेतकऱ्याला सरळ विचारलं, "बाप्पा, दुखण्याची आणेवारी किती आज?" तो हसला. पिकाची आणेवारी, म्हणजे रुपयात किती पीक आलं ते, पन्नास पैशाच्या खाली गेली की दुष्काळ, हे इथं लहान लेकराला पण माहितीय. म्हणाला, "बारा आणे दुखायलंय माय." म्हणजे पंधरा दिवस हा माणूस बारा आणे, दहात साडेसात, दुखणं अंगावर काढत होता आणि फाईलमध्ये त्याची कुठंच नोंद नव्हती.

जास्त दुखण्यावर मॉर्फिनची गोळी असते. नाव काढलं की घरचे घाबरतात, आता संपलंच म्हणतात, नाहीतर सवय लागेल म्हणतात. औषध कडक कायद्यातलं आहे हे खरं, १९८५ चा नार्कोटिक्सचा, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, त्यामुळं कित्येक वर्षं दवाखान्यांना ते ठेवणंच अवघड होतं, २०१४ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा जरा मोकळं झालं. पण डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसनं कॅन्सरच्या दुखण्यावर घेतलं तर माणूस झोपतो, चार घास खातो, नातवाशी बोलतो. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ बघून, दुखायची वाट न बघता. पोट साफ होत नाही या गोळीनं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच, आणि हे सांगायचं राहिलं तर पेशंट चौथ्या दिवशी गोळी फेकून देतो. मनानं एकदम बंद करायची नाही, ते पण सांगावं लागतं.

(दृश्य: गावातलं घर, गोठ्याशेजारची खोली)

या खोलीत एक आज्जी होत्या. छातीची गाठ फुटलेली, जखमेला वास. घरातले वाईट होते असं नाही, पण खाट हळूहळू ओसरीवरून मागं गोठ्यापाशी गेली, सुनेला जेवण जाईना, लेकरं जवळ येईनात. मला विचाराल तर या आजारातलं सगळ्यात वाईट हेच, दुखण्यापेक्षाही. यावर इलाज काय तर डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोल नावाची जंतू मारणारी गोळी बारीक कुटून जखमेवर टाकायची, स्वस्तातली गोळी आहे. जुनी पट्टी ओढून काढायची नाही, कोमट मिठाच्या पाण्यानं भिजवून सोडवायची, उकळून वाळवलेलं मऊ सुती कापड वापरायचं. गाठ यानं बरी होत नाही. वास कमी होतो. आज्जींची खाट परत ओसरीवर आली आणि शेजारच्या बाया दुपारी येऊन बसायला लागल्या.

जगण्याची क्वालिटी मोजायला एक फॉर्म आहे, तीस प्रश्नांचा, जगभर वापरतात, मराठीत पण आहे. त्यात विचारतात जड पिशवी किंवा सुटकेस उचलायला त्रास होतो का. चांगला फॉर्म आहे, पण खाट कुठं टाकलीय हे त्यात कोणी विचारत नाही, ते घरी गेल्याशिवाय दिसत नाही.

आणि घरी जाणारी नर्स ही काय नवी गोष्ट नाही इथं. १९९९ पासून याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, सव्वा लाखाच्या वर बायका, आणि बरंचसं काम गावोगाव ट्रेनिंग घेतलेल्या नर्सबायांनी केलं. एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची टेस्ट केली तरी पुढच्या आठ वर्षांत त्या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या बायकांच्या मानानं, जवळपास निम्म्यावर आले, २००९ मध्ये ते जगासमोर छापून आलं. तपासायला नर्स गावात पोचली, मग आजार झाल्यावर का पोचू नये?

साखर कारखाने सुरू झाले की तर विचारूच नका. दिवाळीच्या सुमाराला लेक-सून कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली, घरी म्हातारी एकटी आणि तिचं केमो चालू. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे इमर्जन्सी, तापाची गोळी घेऊन सकाळपर्यंत बघू असं नाही चालत, रात्री निघायचं. म्हणून सिस्टर सुट्टी देताना थर्मामीटर आहे का विचारतात आणि शेजारणीला पण वाचायला शिकवतात.

जाता जाता एक कामाचं. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी रेल्वेत सवलत आहे, सोबतच्या माणसाला पण, फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का लागतो. तो सुट्टीच्या आदल्या दिवशीच मागून घ्या, कारण सुट्टीच्या दिवशी शिक्केवाले साहेब हमखास राऊंडला गेलेले असतात.