गाणी गायकांची, नाव कंपनीचं

श्रोतेहो, नमस्कार. कोरियातला एखादा पॉप गट एजन्सी, म्हणजे त्याला सांभाळणारी कंपनी, सोडून स्वतःचा संसार थाटतो, तेव्हा आवाज, नाच आणि चाहते त्याच्याबरोबर जातात. मूळ रेकॉर्डिंग बहुधा कंपनीकडे राहतात आणि नावही तिचंच असतं. ध्यानात असू द्या, नावही!

करार साधारण सात वर्षांचा. 2009 साली तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातल्या न्याय्य व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, नमुना करार काढला, तेव्हापासून हीच मुदत रूढ झाली. पण करार संपला म्हणून ट्रेडमार्क, म्हणजे नावावरचा नोंदलेला हक्क, संपत नाही. त्याची नोंद दहा वर्षांची असते आणि पुन्हापुन्हा वाढवून घेता येते.

आता बीस्टची गोष्ट ऐकाच. क्यूब एंटरटेनमेंटचा हा गट 2009 मध्ये आला. 2016 च्या एप्रिलमध्ये एक जण बाहेर पडला, ऑक्टोबरमध्ये उरलेल्या पाच जणांचे करार संपले. पाचही जण एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी 'अराउंड अस' ही कंपनी काढली. झालं, आता पाटी कुठली लावायची? बीस्ट नाव क्यूबच्या ताब्यात. वर क्यूबने जाहीर केलं की आधी गेलेल्या सदस्याबरोबर नवे चेहरे घेऊन बीस्ट पुन्हा उभा करू. चाहते असे भडकले की विचारू नका. पाचांनी मग आपल्याच शेवटच्या अल्बमचं शीर्षक उचललं : हायलाइट. 20 मार्च 2017 ला नव्या नावाने पहिला अल्बम आला आणि गाणी लिहिणारा योंग जुन-ह्योंग तेव्हा गटातच होता. घरात गीतकार असला की चुलीची काळजी नसते. (आपल्याकडे गाणं लागलं की गीतकार-संगीतकाराचं नाव हमखास सांगत. आता निवेदक स्वतःचंच नाव चारदा सांगतात, असो.)

जुनी गाणी त्यांनी मंचावर गायली, त्यात अडचण नाही; गीतकार-संगीतकारांचं मानधन भरलं की भागतं. पण पोस्टरवर 'बीस्ट' छापायचं, तर ट्रेडमार्क आडवा येतो. ते नाव वापरायचा समझोता क्यूबशी झाला एप्रिल 2024 मध्ये. सात वर्षं गेली त्यात!

शिनह्वा या दुसऱ्या गटाला तर बारा लागली. एसएम एंटरटेनमेंट सोडली 2003 मध्ये. नावाचा हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत राहिला आणि गटाच्या हातात आला मे 2015 मध्ये. इन्फिनिट या गटाला मात्र 2023 मध्ये जुन्या एजन्सीच्या प्रमुखाने ट्रेडमार्क चक्क वाढदिवसाची भेट म्हणून दिला. असा मालक विरळाच.

म्हणून बोलणी करार संपायच्या आधी करायची, नंतर नाही. नाव, रेकॉर्डिंग, फॅन क्लब आणि सोशल मीडियाची खाती, सगळं लेखी. नावाची नोंद ध्वनिमुद्रण, कार्यक्रम आणि टी-शर्टसारख्या मालासाठी वेगवेगळ्या वर्गांत असते, तेव्हा हस्तांतरण करताना एकही वर्ग सुटता कामा नये. सुटला तर कार्यक्रम तुमचा आणि दाराशी विकला जाणारा टी-शर्ट दुसऱ्याचा.