पाळी आली, पण आजाराचं काय?

एका मुलीपासून सुरुवात करते. वय 23. हातात जाडजूड फाईल. उघडली तर एकामागून एक सोनोग्राफीचे रिपोर्ट, तीन वर्षांत पाच. पाचही रिपोर्टांत जवळपास तेच वाक्य, दोन्ही अंडाशयांत अनेक लहान गाठी. तिचा प्रश्नही एकच होता, "डॉक्टर, गाठी कमी झाल्यात का हो?" मी फाईल मागून पुढे चाळली. साखरेची तपासणी एकदाही झालेली नव्हती. रक्तदाबाची नोंद नव्हती. मानेवर काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा होता. केस पुढे घेऊन ती तो झाकत होती, आणि घरी रोज घासून घासून तिथली कातडी तिने लाल करून घेतली होती.

आजचा विषय पीसीओएसमधला, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममधला, आहार आणि औषधं असा दिलाय. नावाचा शब्दशः अर्थ, अनेक गाठींच्या अंडाशयाचा आजार. पण मी आधी या आजाराच्या नावाशी थोडं भांडणार आहे, कारण त्या फाईलमध्ये जे चुकलं ते नावापासूनच चुकलं.

1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाळी येत नाही, अंडाशयं मोठी झालेली. त्यांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला आणि पाळ्या सुरू झाल्या. दोष अंडाशयाचा, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. नाव तिथेच चिकटलं ते चिकटलं. आता या 'गाठी' म्हणजे काय ते बघा. दर महिन्याला अंडाशयातले काही बीजकोश वाढायला लागतात, त्यातला एक पुढे जातो, फुटतो, स्त्रीबीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये हे बीजकोश अर्ध्या वाटेत थांबतात. 2 ते 9 मिलिमीटरचे, जिथल्या तिथे. सोनोग्राफीत काळे ठिपके दिसतात ते हे थांबलेले बीजकोश. त्या गाठी नाहीत, कापून काढायच्या नाहीत, आणि मोजत बसून काही हाती लागत नाही. 2012 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळानेही हे नाव दिशाभूल करतं, ते बदला, असं सांगितलं होतं.

जाता जाता, 'पीसीओडी म्हणजे सौम्य आणि पीसीओएस म्हणजे गंभीर' असं बरेच जण सांगतात. निदानाच्या निकषांमध्ये असे दोन मजले नाहीत. ते सोडून द्या.

निदानासाठी तीन गोष्टी बघतात. एक, पाळी अनियमित किंवा लांबलेली. दोन, पुरुषी हार्मोन जास्त असल्याच्या खुणा, म्हणजे हनुवटीवर, छातीवर, पोटावर राठ केस, हट्टी मुरुमं, किंवा रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. तीन, सोनोग्राफीत ते ठिपके, किंवा त्याऐवजी रक्तातलं एएमएच, म्हणजे या लहान बीजकोशांतून येणारं हार्मोन, वाढलेलं. तिन्हींपैकी दोन असल्या आणि थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढणं वगैरे दुसरी कारणं नाहीत अशी खात्री झाली, की निदान झालं. म्हणजे पाळी अनियमित आहे आणि राठ केसही आहेत, तर सोनोग्राफीशिवाय निदान होतं. किशोरवयात तर पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही असे बीजकोश भरपूर असतात. पंधरा वर्षांच्या मुलीला सोनोग्राफीचा कागद दाखवून आयुष्यभराचं लेबल लावलेलं मी पाहिलंय. त्या मुलीची झोप उडते, आईची त्याहून जास्त.

मग घोळ कुठे आहे? बऱ्याच जणींमध्ये तो इन्सुलिनपाशी सापडतो. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींच्या आत पोचवायचं. काही जणींच्या स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन सोडतं. साखर आटोक्यात राहते, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि इन्सुलिन मात्र वर्षानुवर्षं चढलेलं. स्नायूंना इन्सुलिनची हाक ऐकू येईनाशी झाली, तरी अंडाशयाला ती चांगली ऐकू येते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच हे अंडाशयाला चालना देणारं हार्मोनही बऱ्याचदा जास्त येत असतं. दोन्हीकडून तगादा लागला की अंडाशय जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतं. यकृत एक प्रथिन तयार करतं, एसएचबीजी, ते टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. इन्सुलिन वाढलं की हे प्रथिन घटतं. टेस्टोस्टेरॉन वाढलं आणि त्याला बांधणारा दोरही सैल झाला. मग हनुवटीवर केस येतात, बीजकोश थांबतात, पाळी लांबते. आणि मानेवरचा तो काळा पट्टा? तोही चढलेल्या इन्सुलिनचाच. तो मळ नाही. कितीही घासलं तरी जाणार नाही.

हे सगळ्यांमध्ये सारख्या प्रमाणात नसतं. सडपातळ बायकांनाही पीसीओएस होतो. घराण्याचा वाटाही मोठा असतो, आई-बहिणींत विचारलं तर बऱ्याचदा धागा सापडतो. त्यामुळे 'तू खाण्यावर ताबा ठेवला नाहीस म्हणून झालं' हे कुणी म्हणालं तर ते आधी शास्त्राला धरून नाही आणि मग माणुसकीलाही.

आता आहार. लोकांना माझ्याकडून तक्ता हवा असतो. सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय. मी तक्ता देत नाही, आणि काही जणी नाराज होऊन जातात. पीसीओएससाठी अमुक एक आहार बाकी सगळ्यांपेक्षा सरस आहे असं आजवर सिद्ध झालेलं नाही. कमी कर्बोदकांचा, जास्त प्रथिनांचा, भूमध्य सागरी पद्धतीचा, सगळ्यांची तुलना झाली आहे. जो आहार ती बाई दोन वर्षांनीही खात असेल, तो तिच्यासाठी चांगला. दोन महिन्यांत जो तोंडाला कंटाळा आणतो त्याचा उपयोग दोनच महिने.

ताटाकडे बघताना मी एकच विचारते, या जेवणानंतर साखर झपकन चढेल की सावकाश? साखर झपकन चढली की इन्सुलिनची लाट येते, आणि ती लाट अंडाशयापर्यंत जाते हे आपण आत्ताच पाहिलं. गोड पेयं आणि फळांचे रस सगळ्यात आधी कमी करा, कारण प्यालेली साखर चावावी लागत नाही आणि पोटही भरत नाही. अख्खं फळ खुशाल खा. धान्य बंद करू नका. कोंड्यासकट असलेलं घ्या, आणि ते एकटं खाऊ नका. सोबत डाळ, कडधान्य, अंडं, मासा, दही, जे तुम्ही खात असाल ते प्रथिन आणि मूठभर नव्हे तर ताटाचा बराचसा भाग भाजी. तेच धान्य, पण प्रथिन आणि तंतुमय पदार्थांच्या सोबतीने गेलं की साखर सावकाश चढते. दूध सोडा, गहू सोडा, असे सल्ले फार फिरतात. तुम्हाला त्यांचा त्रास होत नसेल तर सरसकट सोडण्यासाठी पुरेसा आधार नाही.

वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के घटही पुरते. 80 किलोच्या बाईने 4 किलो कमी केले तरी काही जणींची पाळी मार्गी लागते, इन्सुलिन उतरतं. 'आदर्श' वजन गाठायची गरज नाही. उपासमार तर अजिबात नको. एकदम खाणं तोडलं तर मेंदू स्वतःच पाळी बंद करतो, आणि मग पीसीओएसची पाळी चुकली की उपाशीपोटीची, हे ओळखायचं आम्हाला जड जातं. पीसीओएसमध्ये खाण्याशी नातं बिघडण्याचं, नैराश्याचं, चिंतेचं प्रमाण जास्त आहे. त्यामुळे मी वजनकाट्याआधी झोप कशी आहे आणि मन कसं आहे ते विचारते. जोरात घोरण्याबद्दलही विचारते. झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास या बायकांमध्ये जास्त सापडतो.

व्यायामाबद्दल थोडक्यात. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल इतपत हालचाल, आणि एकाआड एक असे दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर उचलतो. म्हणून काटा हलला नाही तरी व्यायाम वाया जात नाही.

औषधांकडे वळू. इथे मी आधी विचारते, तुम्हाला आत्ता काय हवंय? कुणाला मूल हवंय, कुणाला नकोय, कुणाला फक्त हनुवटीवरचे केस छळतात. एकच गोळी या सगळ्यांना लागू पडत नाही.

मूल नको असेल तर बहुतेक वेळा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन स्त्री-हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी सुरुवात होते. नाव ऐकून पुष्कळ आया दचकतात. यातलं इस्ट्रोजेन यकृताला ते बांधून ठेवणारं प्रथिन वाढवायला लावतं, अंडाशयाचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, मुरुमं आणि केस आटोक्यात येतात. गर्भाशयाचं अस्तरही दर महिन्याला निघून जातं. हे अस्तर महत्त्वाचं आहे. महिनोन् महिने पाळी आली नाही तर ते जाड होत जातं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता वाढते. एकंदर धोका कमी असला तरी तीन-तीन महिने पाळी नसेल तर गप्प बसू नका. गोळ्या चालत नसतील त्यांना अधूनमधून नुसतं प्रोजेस्टोजेन देऊन अस्तर उतरवतात. अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे लखलख दिसते, रक्ताची गुठळी झाली होती, रक्तदाब जास्त आहे, वय 35 च्या पुढे आणि धूम्रपान, यातलं काही असेल तर इस्ट्रोजेनची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नका.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. गोळी चालू असताना येणारी पाळी ही गोळीने आणलेली असते. गोळी बंद केली की तीन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, आणि बाई म्हणते गोळीने सवय लावली. सवय कसली? आजार तिथेच होता, गोळीने त्याचे परिणाम झाकले होते. गोळीने तिचं काम चोख केलं. इन्सुलिनचं काम तिच्याकडे सोपवलेलंच नव्हतं.

ते काम मेटफॉर्मिनचं. मधुमेहाची गोळी आहे म्हणून 'मला शुगर झाली का' असं विचारतात. झालेली नसते, ती इन्सुलिनचा परिणाम सुधारण्यासाठी देतात. एक बाई चार दिवसांत गोळी टाकून आली होती. मळमळ, जुलाब, ऑफिसात बसवेना. विचारलं तर पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस, तोही सकाळी रिकाम्या पोटी. आम्ही पुन्हा सुरू केली ती 500 मिलिग्रॅमपासून, रात्रीच्या जेवणाच्या मध्यावर, आणि डोस आठवड्या-आठवड्याने वाढवत. या वेळी टिकली. दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी-12 अधूनमधून तपासावं.

केसांसाठी गर्भनिरोधक गोळी पुरली नाही तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं जोडतात, तीही गर्भनिरोधनाची पक्की सोय असेल तरच, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. सहा महिने तरी थांबावं लागतं. आधीच राठ झालेला केस औषधाने मऊ होत नाही, नवा बारीक येतो. तोवर लेसर आहे.

मूल हवं असेल तर स्त्रीबीज बाहेर पडण्यासाठी पहिलं औषध आता लेट्रोझोल. मुळात स्तनाच्या कर्करोगावरचं. 2014 साली 750 बायकांवर झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफिन गोळीने 19.1 टक्के जणींना. पूर्वी केली जाणारी ती पाचरीची शस्त्रक्रिया तर क्लोमिफिनसारखी औषधं आली तेव्हाच मागे पडली.

प्रश्नोत्तरांत नेहमी विचारतात, पीसीओएस म्हणजे मूल होणारच नाही ना? होतं. बहुतेकींना होतं, काहींना मदतीने. उलट बाजूही ऐका. 'मला कुठे दिवस जाणार' म्हणून निर्धास्त राहिलेल्या आणि अनपेक्षित गरोदर राहिलेल्या बायका मी दर वर्षी बघते. स्त्रीबीज उशिरा येतं, पण ते कधी येईल याची वर्दी देत नाही. मूल नको असेल तर गर्भनिरोधन हवंच.

दुसरा प्रश्न, मूल झालं की हा आजार जातो का? जात नाही. गरोदरपणात मधुमेहाचा धोका जास्त असतो, तेव्हा ती तपासणी वेळेवर करायची. तिशी-पस्तिशीनंतर बऱ्याच जणींची पाळी आपोआप नियमित होते, आणि नेमकं तिथेच सगळे सुस्कारा टाकतात. इन्सुलिनला पाळीच्या तारखांशी देणंघेणं नसतं. साखर, रक्तदाब, रक्तातल्या चरबीची तपासणी चालू ठेवायची. साखरेची दर एक ते तीन वर्षांनी, धोका जास्त असेल तर लवकर.

ती फाईलवाली मुलगी. तिला मी 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला लावलं. उपाशीपोटीची साखर 94, अगदी नॉर्मल. दोन तासांनंतरची 168. मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर. नुसती उपाशीपोटीची तपासली असती तर 'काही नाही' म्हणून घरी पाठवली असती. आहार, चालणं आणि मेटफॉर्मिन सुरू केलं, मान घासणं बंद करायला सांगितलं. जाताना तिने विचारलं, "पुढची सोनोग्राफी कधी?" म्हटलं, त्याची गरज नाही. पुढच्या वर्षी याच महिन्यात रात्रभर उपाशी राहून ये, पुन्हा ग्लुकोजचं पाणी प्यायचंय.